परदेशी विद्यार्थी आणि यजमान गाव

आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल की, हा गृहस्थ आता परदेशी शिक्षणाचे फायदेतोटे सांगत बसणार. तसे मी करणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. परक्या देशातून आलेली एखादी मुलगी किंवा मुलगा विद्यापीठात नाव दाखल करतो, तीनचार वर्षे राहतो, आणि एके दिवशी पदवीचा कागद घेऊन घरी जातो. या मधल्या काळात त्याला पार कोण नेतो? पदवीदान समारंभाच्या वृत्तांतात कुलगुरूंचे भाषण असते, प्राध्यापकांची नावे असतात. ज्या खोलीत तो राहिला तिथली शेगडी पेटत होती की नुसती धुमसत होती, घरून यावयाचे पैसे वेळेवर आले की नाही, ताप आला तेव्हा उशाशी कोण होते, हे त्या वृत्तांतात नसते. अभ्यासाचा निकाल मात्र पुष्कळदा तिथेच लागलेला असतो.

सुदैवाने या बाबतीत आपल्याकडे लिहून ठेवलेला पुरावा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. आपली माणसे परदेशी विद्यार्थी म्हणून जगली, त्यांनी पत्रे लिहिली, आठवणी लिहिल्या, त्यांची चरित्रे झाली. तो पुरावा वाचताना माझे एक मत बनत गेले आहे. परक्या विद्यार्थ्याला पैसा लागतो, शिक्षक लागतो, पण सर्वांत आधी शेजारी लागतो. आणि त्या शेजाऱ्याच्या जागी पहारेकरी येऊन बसला की, बाकीची सारी मदत वाया जाते. हे मत आपल्याला पटते की नाही, ते आपणच ठरवावे. मी फक्त हकिकती सांगतो.

आरंभ ओळखीच्या व्यक्तीपासून करू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्राला जवळजवळ पाठ आहे. जन्म १८६५ चा, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, मग वैद्यकी शिकण्याचा निश्चय, अमेरिका, पदवी, आणि परत येताच मृत्यू. या कथेत आपण गोपाळरावांविषयी पुष्कळ बोलतो, त्यांच्या हट्टाविषयी आणि तऱ्हेवाईकपणाविषयी भांडतोही. मला आज पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बाईंविषयी बोलावयाचे आहे.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. मदत मिळाली नाही. धर्म बदला, मग पाहू, असा उत्तराचा मथितार्थ होता. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या लहानशा गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दात दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत तिथे पडलेले ते मासिक त्यांनी चाळले. दंतवैद्याच्या दारी आपण जुनी मासिके चाळतो आणि विसरतो. कार्पेंटरबाई विसरल्या नाहीत. त्यांनी हिंदुस्थानात पत्र घातले. पत्रास पत्र असे करीत दोन अनोळखी बायकांचा स्नेह जुळला, आणि आनंदीबाईंना अमेरिकेत हवे तितके दिवस आपले घर मोकळे आहे, असे बाईंनी कळविले. त्या काही संस्थेच्या चालक नव्हत्या की धनाढ्य नव्हत्या. संसारी बाई, मुलीबाळी असलेल्या.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. कॉलेजची मुदत सुरू व्हायला अजून तीनचार महिने होते. हे महिने आनंदीबाईंनी रोझेलच्या घरात काढले. त्या बाईंना त्या मावशी म्हणू लागल्या, त्यांच्या मुलींत वावरू लागल्या. हे तीनचार महिने मला फार मोलाचे वाटतात. अठरा वर्षांची ही मुलगी जर बोटीवरून उतरून थेट शरीरशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली असती, तर पहिल्याच हिवाळ्यात तिचा धीर सुटला असता. आधी घर मिळाले आणि मग कॉलेज, हा क्रम कोणत्याही खात्याने आखलेला नव्हता, तो आपोआप जुळून आला.

कॉलेजही चांगले भेटले. फिलाडेल्फियाचे हे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघाले होते. डीन होत्या रेचेल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापक. आनंदीबाईंनी आपली परिस्थिती पत्राने मोकळेपणी मांडली, आणि कॉलेजने तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. धर्माची अट घातली नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे श्रीरामपूरच्या सभेत सांगून निघालेल्या बाईला हे फार महत्त्वाचे होते.

इथपर्यंत सारे गोड झाले. आता थंडीकडे येऊ. फिलाडेल्फियात त्यांना मिळालेल्या खोलीत शेगडीचे धुराडे नीट चालत नव्हते. विस्तव पेटवावा तर धुराने जीव गुदमरे, न पेटवावा तर हाडे गोठत. नऊवारी लुगड्यात पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या; पण ही गोष्टही नवऱ्याला पत्रातून समजावून सांगावी लागली. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधावयाचे, आणि अभ्यास पहाटेपासून रात्रीपर्यंत. गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोहोचले खरे, पण त्यांच्या येण्याने बाईंच्या मनाचा भार हलका झाला, असे त्या पत्रांवरून वाटत नाही. क्षय कधी शिरला ते कोणी नेमके सांगू शकणार नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाचे बोलावणे आले. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला असता, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंची शिळा आजही आहे.

मग ही मदत यशस्वी झाली की अयशस्वी? पदवीच्या हिशेबाने पाहिले तर पूर्ण यशस्वी. घर होते, शिष्यवृत्ती होती, गुरू होत्या. मात्र ज्या खोलीत ती मुलगी रोज निजत होती, त्या खोलीच्या धुराड्याची दुरुस्ती वेळेवर करून घेणारे तिथे कोणी नव्हते. मावशी रोझेलला, आणि धुराडे फिलाडेल्फियात! एवढ्यानेच त्यांचा प्राण गेला, असे मी म्हणत नाही. प्रकृती मुळात नाजूक होती. तरी हे धुराडे माझ्या मनातून जात नाही.

या कॉलेजातले १८८५ च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन बाया आपापल्या देशाच्या पोशाखात उभ्या आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली. ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाल्या, इस्लामबूली १८९० मध्ये. ओकामी मायदेशी परतल्यावर टोकियोच्या एका रुग्णालयात लागल्या. पुढे बादशहा रुग्णालयाच्या भेटीस आले असता बाई म्हणून त्यांना दूर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे परक्या देशात जो मान मिळाला तो स्वतःच्या देशात मिळाला नाही. हे वाक्य ध्यानात असू द्या, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता इंग्लंडकडे वळू. गंमत अशी की, तिथेही आरंभी एक कार्पेंटरबाईच भेटतात. या मेरी कार्पेंटर. अमेरिकेच्या बाईंशी यांचा संबंध नाही. ब्रिस्टलच्या या बाईंनी १८७० साली नॅशनल इंडियन असोसिएशन नावाची संस्था काढली. हिंदुस्थानातून येणाऱ्या तरुणांना इंग्रज घरांची ओळख करून द्यावी, चहाला बोलवावे, राहण्याची सोय सांगावी, असे त्या संस्थेचे काम पुढे चालले. संस्थेच्या चिटणीस मिस मॅनिंग यांच्या घरच्या बैठकींना १८८८ साली लंडनला गेलेले मोहनदास गांधीही जात आणि लाजून गप्प बसत, असे गांधीजींनीच लिहिले आहे. चहाच्या पेल्याने कोणी बॅरिस्टर होत नाही, हे खरे. पण ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे आठवड्यातून एकदा कोणीतरी नाव घेऊन हाक मारते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

याच काळात आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले. त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यामागे कॉलेज होते, कॉलेजातली खोली होती, परतल्यावर काय करावयाचे तेही ठरलेले होते. पुढे १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. घडी बसली म्हणजे हुशार मुलगा कुठवर जातो, याचा तो नमुना आहे. पण लंडनमध्ये बॅरिस्टरीसाठी किंवा वैद्यकीसाठी एकटेदुकटे येणारे शेकडो तरुण या घडीत कुठेच बसत नव्हते. ते भाड्याच्या खोल्यांत राहत, काळ्या माणसाला जागा नाही असे ऐकत दारोदार हिंडत, आणि घरून पैसे येईनासे झाले की कर्ज काढीत.

१ जुलै १९०५ रोजी हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू या पत्त्यावर, श्यामजी कृष्णवर्मा यांनी इंडिया हाऊस उघडले. उद्घाटन हाइंडमन या समाजवादी पुढाऱ्याच्या हस्ते झाले. इंडिया हाऊस म्हटले की आपल्याला पिस्तुले आणि बाँब आठवतात. पण मुळात ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, हे विसरून चालणार नाही. रंगाच्या कारणाने जागा न मिळणाऱ्या मुलाला तिथे खोली मिळे, ओळखीचे जेवण मिळे, आपल्या भाषेत भांडावयाला माणसे मिळत. श्यामजींनी आणि सरदारसिंग राणांनी शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या; इंग्रज सरकारची नोकरी पत्करावयाची नाही, ही त्यांची अट. राणांच्या शिष्यवृत्त्यांना राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांची नावे होती. त्यांपैकी शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या जूनमध्ये मुंबईहून निघाले.

सरकारही स्वस्थ नव्हते. १९०७ साली सर विल्यम ली-वॉर्नर, थिओडोर मॉरिसन आणि कर्झन वायली अशा तिघांची समिती हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करावयास नेमली गेली. ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्यात मोठ्या हुद्द्यांवर काढलेले गृहस्थ, मॉरिसन हे अलीगढच्या कॉलेजचे माजी प्राचार्य. दोघांनाही हिंदी तरुणांची माहिती होती. त्यांनी साक्षी घेतल्या, अहवाल लिहिला. आणि सरकारने तो प्रसिद्धच केला नाही! पंधरा वर्षे तो कपाटात राहिला आणि १९२२ साली दुसऱ्या एका समितीच्या अहवालाला पुरवणी म्हणून बाहेर आला. ज्या मुलांच्या हिताचा विचार चालला होता त्यांनाच तो दाखवावयाचा नाही, हे धोरण मला सर्वांत घातक वाटते. आजाऱ्याला न सांगता त्याचे औषध ठरवले, तर ते औषध चांगले असले तरी तो थुंकून टाकणार.

१९०९ साली सरकारने लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहितीकचेरी उघडली आणि टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांना शिक्षणविषयक सल्लागार नेमले. अर्नोल्ड हे अलीगढ आणि लाहोर येथे शिकवलेले विद्वान. कवी इक्बाल त्यांचे शिष्य. माणूस भला होता यात शंका नाही. त्याच वर्षी १ जुलैला, त्या जुन्या नॅशनल इंडियन असोसिएशनच्या वार्षिक संमेलनात, युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एंजिनियरिंग शिकणारे मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या. विद्यार्थ्यांना चहापाण्याला बोलावण्याची ती सभा, आणि मरणारा गृहस्थ विद्यार्थ्यांच्या चौकशीसमितीचा सभासद! धिंग्रांच्या कृत्याचा राजकीय अर्थ हा आजचा विषय नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, चहाचा पेला आणि पाळत या दोन गोष्टी तोवर इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या की, कोणता यजमान कोण आहे हे विद्यार्थ्यांना सांगता येत नव्हते.

पुढे सरकारने २१ क्रॉमवेल रोड येथे घर घेतले. तिथे ती माहितीकचेरी, असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी ही सगळी एका छपराखाली आली. नव्याने उतरलेल्या मुलांसाठी काही खोल्याही ठेवल्या. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी दोन घरे झाली, एक क्रॉमवेल ॲव्हेन्यूचे आणि एक क्रॉमवेल रोडचे. क्रॉमवेलने राजाचे डोके उडवले होते, त्याचे नाव दोन्ही पाट्यांवर, असो. पहिले घर लवकरच बंद पडले. दुसऱ्या घरात सोयी चांगल्या होत्या. कोणत्या कॉलेजची फी किती, कोणत्या वस्तीत खोली मिळेल, थंडीचे कपडे कोणते घ्यावे, ही माहिती तिथे फुकट मिळे, आणि ती उपयोगाची होती. तरीही पुष्कळ हिंदी मुले त्या दारात पाऊल टाकावयास कचरत. इथे सांगितलेले सगळे इंडिया ऑफिसच्या दप्तरात जाते, असा त्यांचा समज होता, आणि काळ पाहता तो समज वेडेपणाचा म्हणता येत नाही. इकडे हिंदुस्थानात सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. मुलाच्या वर्तनाविषयी दाखले मागितले जाऊ लागले. सावरकर १९०९ मध्ये बॅरिस्टरीच्या परीक्षा उतरले, पण ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. परीक्षा उतरूनही यश हाती न येणे म्हणजे काय, ते याहून स्पष्ट काय सांगावे?

१९२० मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या हायकमिशनरची जागा निर्माण झाली आणि विद्यार्थ्यांचे खाते तिकडे गेले. त्याच वर्षी के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने हिंदी वायएमसीएचे विद्यार्थी वसतिगृह लंडनमध्ये निघाले. चालवणारे हिंदी, राहणारे हिंदी, जेवण हिंदी. लढाईत इमारत गेली, पुन्हा उभी राहिली, आणि १९५३ पासून ते फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये आहे. सरकारी घरापेक्षा हे घर टिकले, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

अमेरिकेत या गोष्टीने जरा वेगळे वळण घेतले. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात १९०३ साली निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक क्लब काढला, पुढल्याच वर्षी कॉर्नेलमध्ये तसाच निघाला, आणि मग कॉस्मोपॉलिटन क्लब या नावाने ही पद्धत अनेक विद्यापीठांत पसरली. इथे यजमान आणि पाहुणा असा भेद ठेवलेला नव्हता. विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे यजमान. न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स नावाचे वायएमसीएचे एक कार्यकर्ते होते. १९०९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक चिनी विद्यार्थी त्यांना भेटला. त्यांनी जाता जाता सुप्रभात म्हटले. तो मुलगा थांबला आणि म्हणाला की, मला या शहरात येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी आपण होऊन बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स घरी गेले आणि त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी परदेशी विद्यार्थ्यांची पंगत बसू लागली. त्या पंगतीतून संस्था वाढली, रॉकफेलरांनी पैसा दिला, आणि १९२४ साली न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाऊस उभे राहिले. मोठ्या इमारतीच्या पायात एक सुप्रभात आहे, हे ऐकावयास जरा कथेसारखे वाटते. पण बोलण्यापेक्षा घरी नेऊन जेवू घातले, हे त्यातले खरे.

याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ च्या जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्याबद्दल बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, असा करार होता. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले. जेवणात अर्धेकच्चे गोमांस येई, म्हणून आठवडाभरातच ते सोडून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे आणखी काही हिंदी विद्यार्थी होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर ते स्थिर झाले. ही मैत्री जन्मभर टिकली. शिक्षक म्हणून एडविन सेलिग्मनांसारखा अर्थशास्त्रज्ञ लाभला, ज्याने पुढे १९२५ साली त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. पैसा राजाचा, खोली मित्राची, विद्या गुरूची. तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या, आणि त्या तीन वर्षांत या विद्यार्थ्याने जे वाचले त्यावर पुढल्या आयुष्याची इमारत उभी राहिली.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे अभ्यास रंगतो न रंगतो तोच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. मग करारानुसार बडोदे. आपले गाव नाही, पण आपला देश. आपले राजे, आपली माणसे. बडोद्याला उतरल्यावर या कोलंबियाच्या एम. ए. ला राहावयास जागा मिळाली नाही. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला कोण घेणार? शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. इतर पाहुणे नाहीत, दिवे नाहीत, अशा त्या एकाकी जागेत पुस्तके वाचीत त्यांनी रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला बारापंधरा जणांचा जमाव दारात उभा राहिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. त्यांनीच लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते. न्यूयॉर्कमध्ये पारशी मित्राने खोलीत घेतले होते. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. धर्म तोच, माणसेही कदाचित वाईट नसतील; गाव तेवढे निराळे होते. मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली ती जपानी डॉक्टरीण आता आठवा.

अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करावयास ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, आणि त्याच नवल भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर ते राहिले. घरमालकिणीचे जेवण तुटपुंजे. रात्री भूक लागली की एका ओळखीच्याने दिलेले पापड खाऊन ते पुन्हा पुस्तकाकडे वळत. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. किंग हेन्रीज रोडवरील त्यांचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले, हे उत्तम झाले. पण नवल भथेनांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आतापर्यंत मी आपली मुले बाहेर पाठवली. आता बाहेरची मुले आपल्या गावात येऊ द्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, मौलाना आझादांच्या पुढाकाराने सांस्कृतिक संबंध परिषद निघाली; तिच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वखर्चाने आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी पुण्यात येऊ लागले. कार्पेंटरबाईंच्या जागी आपण आलो. मी लहान असताना आमच्या वाड्याच्या माडीवर दोन सुदानी विद्यार्थी भाड्याने राहत. मालकांनी त्यांना रात्री दहानंतर दिंडी बंद आणि घरात मांस नाही, हे दोन नियम सांगितले होते, आणि पोलिसांकडे त्यांची नोंद वेळच्या वेळी झाली आहे ना, हे ते बारकाईने पाहत. वाड्यातली आम्ही मुले त्यांच्या येण्याजाण्याची टेहळणी करून मोठ्यांना बातमी देत असू. दोघेही सभ्य होते. तीन वर्षांत आमच्या घरात त्यांना एकदाही चहाला बोलावले गेले नाही. जाण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या आईला खजुराचा एक मोठा पुडा आणून दिला. ती तो हातात घेऊन बराच वेळ जिन्याशी उभी होती.

आता शेवटची हकिकत, आणि तीही पुण्याचीच. फर्ग्युसन कॉलेजात शां. ब. मुजुमदार हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, वसतिगृहाचे रेक्टरही होते. त्यांनी ती स्वतः अनेकदा सांगितली आहे. एक मुलगी रोज मुलांच्या वसतिगृहाजवळ येते आणि एका खिडकीतून आत काहीतरी देऊन जाते, असे त्यांच्या दृष्टीस पडले. रेक्टर या नात्याने त्यांना पहिल्याने आला तो संशयच. चौकशी करावयास ते त्या खोलीत गेले. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला होता. वसतिगृहात मुलींना आत येण्याची बंदी, म्हणून ती मुलगी बाहेर उभी राहून खिडकीच्या गजांतून त्याचे जेवण आत देत होती.

रेक्टर खोलीतून बाहेर आले ते रजिस्टरात शेरा लिहावयास नव्हे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी केले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९७१ साली पुण्यात सिंबायोसिस ही संस्था निघाली.